‘बाई, तेव्हा काहीच नसेल’

प्रश्न : मी निफाड तालुक्यातल्या एका शाळेत नववी-दहावीला भूगोल शिकवते. हवामानबदलाचा धडा संपल्यावर नववीला निबंध दिला : ‘सन २०७० : हिमालय आणि ध्रुवप्रदेशातली जीवसृष्टी’. वह्या तपासायला घेतल्या आणि माझाच धीर सुटला. जवळपास प्रत्येक वहीत तेच. बर्फ संपला, शेवटचं पांढरं अस्वल मेलं, हिमबिबट्या फक्त फोटोत उरला. एका हुशार मुलीने तर दोनच वाक्यं लिहिली : ‘बाई, तेव्हा काहीच नसेल. मग लिहू काय?’ तिला किती गुण द्यावेत ते ठरत नाही, वही अजून माझ्याचकडे आहे. मुलांना खोटी आशा दाखवायची नाही. पण खरी दाखवण्याजोगी आहे का? असली तर शिकवायची कशी?
– एक शिक्षिका, निफाड तालुका

उत्तर :

नमस्कार ताई,

त्या मुलीची वही आधी परत करा. तिने कामचुकारपणा केला असं मला वाटत नाही. धड्यात वाचलं, टीव्हीवर पाहिलं, त्यातून जे उत्तर निघत होतं ते तिने सरळ लिहून टाकलं. बाकीच्यांनी तेच दोन पानं लांबवलं. पण तिला एक गोष्ट स्पष्ट सांगा आणि धीर द्यायचा म्हणून नको, भूगोलाची चूक दुरुस्त करता तशी सांगा : ‘काहीच नसेल’ हे बरोबर नाही. कमी असेल, वेगळं असेल, काही जीव कायमचे गेलेले असतील. काय उरेल आणि किती उरेल, हे मात्र अजून ठरायचं आहे. ते ठरण्यात तापमानाचा वाटा मोठा आहे, पण एकट्या तापमानाचा नाही.

मुलांनी जे वाईट लिहिलं त्यातलं बरंचसं खरंच आहे, तेव्हा ते खोडू नका. १९७९पासून आर्क्टिक प्रदेश बाकी जगाच्या जवळपास चौपट वेगाने तापला आहे. हिंदुकुश-हिमालयाबद्दलचा २०१९चा मोठा अहवाल सांगतो, की जगाची तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी या पर्वतरांगांतला एक तृतीयांश हिमनद्यांचा बर्फ शतकाअखेर गेलेला असेल आणि धूर असाच ओकत राहिलो तर दोन तृतीयांश. मुलांनी या वाक्याचा पहिला अर्धा भाग ऐकला आहे. एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश यांच्यामध्ये किती दऱ्या, किती ओढे, किती गवताळ उतार येतात, हे त्यांना नकाशा उघडून दाखवा. फळ्यावर ‘बर्फ वितळणार’ एवढंच लिहिलं तर तो सगळा प्रदेश गायब होतो.

आता मला जे खरं सांगायचं आहे ते. थंड प्रदेशातले बहुतेक प्राणी आज दुहेरी मार खातात. एक मार उष्म्याचा. दुसरा बंदुकीचा, उंदरांचा, भटक्या कुत्र्यांचा, जाळ्यांचा, गुरांनी खरवडून टाकलेल्या कुरणांचा. पहिला मार लगेच थांबवणं कुठल्याही एका गावाच्या, एका देशाच्या हातात नाही. दुसरा थांबवता येतो, आणि थांबवला की तोच प्राणी पहिला मार सोसून उभा राहू शकतो. हे वर्गात नुसतं बोलून पटणार नाही, म्हणून काही घडलेल्या गोष्टी देते.

पहिली कझाकस्तानची. तिथल्या गवताळ मैदानात हिवाळ्यात हाडं गोठवणारी थंडी पडते. त्या मैदानात सायगा नावाचं कुरंग राहतं. मुलांना फोटो दाखवा, वर्गात हशा पिकेल. आखूड सोंडेसारखं लोंबणारं नाक. हे नाक फार कामाचं आहे : उन्हाळ्यात कळप धावतो तेव्हा उडणारी धूळ गाळतं, हिवाळ्यात गारठलेली हवा फुप्फुसात जाण्याआधी कोमट करतं. सोव्हिएत संघ कोसळल्यावर शिंगांसाठी इतकी बेसुमार शिकार झाली, की लाखोंनी असलेले हे प्राणी या शतकाच्या सुरुवातीला काही दहा हजारांवर आले. मग पहारे बसले, राखीव क्षेत्रं झाली, कळप सावरू लागले. आणि मे २०१५मध्ये, ऐन विण्याच्या हंगामात, घाला आला. माद्या पिल्लांसाठी एकत्र जमल्या होत्या. हवा अवेळी उबदार आणि दमट झाली. एरवी या प्राण्यांच्या घशात निरुपद्रवी राहणारा एक जिवाणू त्या हवेत उलटला आणि अंगभर पसरला. तीन आठवड्यांत दोन लाखांहून जास्त सायगा मेले. कळपच्या कळप, एकही न उरता.

तुमच्या विद्यार्थ्यांनी निबंध इथे संपवला असता, आणि २०१५ साली कित्येक जाणत्यांनाही तसंच वाटलं होतं. पण सायगाची मादी पहिल्याच वर्षी वयात येते आणि पुढे बहुतेक वेळा जुळी देते. फक्त तिला कोणी मारायला नको. पहारे चालू राहिले, ‘अल्टिन दाला’ नावाच्या उपक्रमात सरकार आणि संस्था मिळून मैदान राखत राहिल्या, आणि २०२२च्या गणनेत एकट्या कझाकस्तानात सायगांची संख्या १३ लाखांवर गेली. २०२३ साली धोक्यातल्या जीवांच्या जागतिक यादीत त्यांना ‘अतिसंकटग्रस्त’मधून काढून थेट ‘संकटसमीप’ गटात ठेवलं गेलं. इतकी मोठी उडी क्वचितच कोणा सस्तन प्राण्याने मारली असेल. आता तिथले शेतकरी म्हणतात, सायगा पिकं आणि चारा खातात. सरकारने संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी काही प्राणी मारायला परवानगीही दिली. हा वादही मुलांना सांगा. प्राणी उरले तर भांडणंही उरतात, आणि मला तरी ती रिकाम्या मैदानापेक्षा बरी वाटतात.

दुसरी गोष्ट दक्षिण जॉर्जिया बेटाची. दक्षिण अटलांटिकमधलं हे बेट अर्ध्याहून जास्त हिमनद्यांखाली आहे. १९०४ ते १९६५ या काळात इथे सुमारे १ लाख ७५ हजार देवमासे कापले गेले. माणसांच्या जहाजांबरोबर उंदीर उतरले आणि जमिनीत बिळं करणाऱ्या समुद्रपक्ष्यांची अंडी-पिल्लं खाऊ लागले. जगातला सर्वांत दक्षिणेकडचा गाणारा पक्षी, एक लहानशी तिरचिमणी, उंदीर न पोचलेल्या कोपऱ्यांत आणि किनाऱ्याजवळच्या छोट्या बेटांवर कशीबशी तग धरून होती. उंदीर सगळीकडे का पोचले नव्हते? कारण मध्ये हिमनद्या होत्या. उंदराला ती बर्फाची भिंत ओलांडता येत नव्हती. आता हिमनद्या मागे सरकू लागल्या, म्हणजे भिंती पडणार, आणि उरलेले कोपरेही उंदरांना मिळणार. काम करायचं तर भिंती आहेत तोवरच, कारण त्यांच्यामुळे बेटाचे आपोआप तुकडे पडले होते. एकेक तुकडा साफ करता येत होता आणि साफ केलेल्या भागात शेजारचे उंदीर घुसत नव्हते. २०११ ते २०१५ या काळात हेलिकॉप्टरमधून शेकडो टन विषारी आमिष टाकलं गेलं. नंतर वास काढणारी कुत्री डोंगर-किनाऱ्यांवरून फिरवली, उंदरांचा माग सापडला नाही. मे २०१८मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झालं. तिरचिमण्या परत मुख्य बेटावर घरटी करू लागल्या आहेत.

देवमाशांचंही तसंच. २०२०मध्ये तिथे २३ दिवसांच्या पाहणीत ५५ निळे देवमासे नोंदवले गेले. त्याच समुद्रात, जिथे आधीची कित्येक वर्षं एखादा दिसला तरी बातमी होत असे. शिकारीवर बंदी घातल्यावर फळ दिसायला अर्धं शतक लागलं, म्हणजे बंदी घालणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते दिसलंच नाही. या बेटाची गोष्टही गोड शेवटाची नाही बरं का. २०२३ साली तिथे बर्ड फ्लू पोचला आणि हत्ती सील फार मोठ्या संख्येने मेले.

तिसरी गोष्ट आपल्या देशातली, म्हणून जरा रेंगाळते. हिमाचलच्या स्पीती खोऱ्यात, सुमारे ४,२०० मीटरवर किब्बर नावाचं गाव आहे. जव आणि मटार पिकवतात. पाणी वरच्या बर्फाचं, पाटांनी शेतात आणलेलं. गुरं, याक, मेंढ्या डोंगरावर चरतात. तिथेच भरल ही रानमेंढी चरते, आणि भरल कमी पडले की हिमबिबट्या गुरांवर येतो. पूर्वी अशा वेळी गावाचा राग बिबट्यावर निघे. १९९८च्या सुमारास नेचर कन्झर्व्हेशन फाउंडेशन या संस्थेशी बोलणी करून गावाने आपल्या कुरणाचा एक तुकडा गुरांसाठी बंद ठेवायचं ठरवलं, मोबदला घेऊन. काही वर्षांत तिथे भरलांची संख्या चांगलीच वाढली. २००२मध्ये जनावरांचा विमा सुरू झाला. हप्ता मालक भरतात, जनावर मेलं तर ते खरंच हिमबिबट्याने मारलं का हे गावातलीच समिती ठरवते, आणि ज्याची जनावरं सर्वांत कमी मेली त्या गुराख्याला बक्षीस मिळतं. शेवटची अट मला फार शहाणपणाची वाटते. नुकसानभरपाई मिळते म्हणून राखणीत ढिलाई होऊ नये, हे त्यांना आधीच सुचलं. आता गावातल्या बायका कॅमेरा ट्रॅपमधले (प्राणी समोरून गेला की आपोआप टिपणाऱ्या कॅमेऱ्यांतले) फोटो संगणकावर बघून, अंगावरच्या ठिपक्यांवरून एकेक हिमबिबट्या वेगळा ओळखायचं काम करतात.

२०१९ ते २०२३ या काळात भारतात पहिल्यांदा हिमबिबट्यांची शास्त्रशुद्ध मोजदाद झाली. आकडा आला ७१८, त्यातले ४७७ लडाखमध्ये. पहिलीच गणना असल्याने वाढ झाली की घट, ते यावरून सांगता येत नाही. पण ‘फक्त फोटोत उरलेला’ प्राणी हा नव्हे.

आणि जिथे हा उपाय चालत नाही, ती जागाही मुलांना दाखवा, नाहीतर तुमच्यावरचा त्यांचा विश्वास उडेल. एम्परर पेंग्विन समुद्रावर गोठलेल्या बर्फावर पिल्लं वाढवतो. पिल्लांची पाण्यात टिकणारी पिसं साधारण डिसेंबर-जानेवारीत येतात, तोवर पायाखाली बर्फ लागतो. २०२२च्या अखेरीस अंटार्क्टिकातल्या बेलिंगसहाउझेन समुद्रात बर्फ आधीच फुटला आणि पाचपैकी चार वसाहतींतली जवळपास सगळी पिल्लं गेली. इथे ना शिकारी आहे ना उंदीर, मग काढायचं काय? हॅली उपसागरातली वसाहत अशीच कोसळली तेव्हा बरेच पक्षी ५५ किलोमीटरवरच्या दुसऱ्या वसाहतीत गेले, हे खरं आहे. पण जायला दुसरीकडे बर्फ असेल तरच. या पक्ष्यासाठी धूर कमी करण्याला पर्याय नाही, असं सरळ सांगा.

पांढऱ्या अस्वलाचं काय, हे विचारतीलच. बहुतेक ठिकाणी समुद्राचा बर्फ घटतो आहे तसतसं त्याचं जगणं अवघड होत आहे. पण २०२२मध्ये आग्नेय ग्रीनलंडमध्ये काही शे अस्वलांचा एक वेगळा समूह असल्याचं शास्त्रज्ञांनी दाखवलं. तिथे समुद्राचा बर्फ वर्षातून जेमतेम शंभर दिवस असतो. उरलेला काळ ती हिमनद्यांच्या तोंडाशी तुटून साचलेल्या गोड्या पाण्याच्या बर्फावर उभं राहून सील पकडतात. अशा जागा थोड्या आहेत, सगळी अस्वलं त्यात मावणार नाहीत. पण थंडी जाते ती सगळीकडून एकदम जात नाही. ती कोपऱ्याकोपऱ्यांत मागे राहते. आपल्या हिमालयातही उत्तरेकडच्या सावलीतले उतार, दगडगोट्यांखाली झाकलेला बर्फ, मोठ्या शिळांच्या राशींतल्या गार पोकळ्या अशा जागा उरतात. सशासारखा दिसणारा मूठभर पिका अशाच राशींत राहतो. हिवाळ्यात वरून पडलेला बर्फ त्याला गोधडीसारखा असतो. बाहेर कितीही गारठा असो, आत तापमान शून्याच्या आसपास राहतं. बर्फ कमी पडला तर गंमत म्हणजे हा प्राणी थंडीनेच मरू शकतो. हे कोपरे आधी शोधून ठेवणं, तिथे रस्ता किंवा खाण जाऊ न देणं, हे आज करता येण्याजोगं काम आहे.

आधी विचार करून ठेवल्याचं एक मोठं उदाहरण आहे. उत्तर ध्रुवाभोवतीचा समुद्र उघडा पडतो आहे, म्हणजे मासेमारी जहाजं जाणार. ती जाण्याआधीच अमेरिका, रशिया, चीन, नॉर्वे, कॅनडा, जपान अशा नऊ देशांनी आणि युरोपीय संघाने करार केला. सुमारे २८ लाख चौरस किलोमीटर समुद्रात १६ वर्षं व्यापारी मासेमारी नाही, आधी तिथे काय आहे त्याचा अभ्यास. २०२१पासून तो लागू आहे. एरवी ज्यांचं एकमेकांशी पटत नाही त्यांनी हे केलं, आणि नुकसान होण्याच्या आधी केलं.

आता निबंध. परत लिहून घ्या, पण असा विषय देऊ नका. ‘हिमालय आणि ध्रुवप्रदेश’ म्हटलं की मुलं एवढ्या मोठ्या पसाऱ्यात काही बघूच शकत नाहीत, मग ऐकीव तेच लिहितात. प्रत्येकाला एक प्राणी किंवा वनस्पती द्या आणि एक गाव किंवा बेट द्या. आधी आठवडाभर माहिती काढू द्या. या जिवाला थंडीची गरज नेमकी कशासाठी आहे? उष्म्याखेरीज त्याला कोण छळतं? आणि ते थांबवायचं कोणी ठरवू शकतं : ग्रामसभा, वनखातं, सरकार, की दहा देश मिळून? मग २०७०मधला एक दिवस लिहायला सांगा. दोन अटी घाला. त्यात काहीतरी गमावलेलं असलंच पाहिजे, आणि कोणीतरी घेतलेला एक निर्णय असला पाहिजे, तो घेताना कोणाला पदरमोड करावी लागली त्यासकट.

नमुना म्हणून मी किब्बरचा एक परिच्छेद लिहून देते. ही कल्पना आहे, भाकीत नव्हे. ‘गावातून पूर्वी दिसणारा बर्फ आता दिसत नाही, तो दोन वळणं मागे गेला. मटार लवकर पेरतात. दोन वर्षं पाटाला पाणीच आलं नव्हतं तेव्हा काही घरं खाली काझाला राहायला गेली आणि परतली नाहीत. खालच्या उताराच्या राशींत पिका नाही. वरच्या राशीत आहे. सकाळी त्याची शीळ ऐकू येते. कुत्र्यांची नसबंदी आजीच्या काळात झाली, म्हणून भरलांची पिल्लं आता वाचतात. बंद ठेवलेलं कुरण शेजारच्या चार गावांच्या कुरणांना जोडलं, तेव्हा मेंढ्या कमी कराव्या लागल्या आणि माझ्या आजोबांनी त्या सभेत मोठा वाद घातला होता. काल कॅमेऱ्यात एकाच खिंडीत दोन प्राणी आले : आधी हिमबिबट्या, आणि तीन रात्रींनी खालच्या जंगलातला साधा बिबट्या. तो पूर्वी इतक्या उंचीवर येत नसे. त्याचं काय करायचं यावर रविवारी सभा आहे.’

वाचताना मुलं विचारतील, हा शेवट चांगला की वाईट? विचारू द्या. आणि एक हिशेब त्यांच्याकडून करून घ्या : २०७०मध्ये त्यांचं वय किती असेल? साठीला टेकलेली असतील. म्हणजे ती गोष्ट त्यांच्या नातवंडांच्या काळातली नाही, त्यांच्या स्वतःच्या हयातीतली आहे. मात्र जग वाचवण्याचं ओझं आत्ता त्यांच्या पाठीवर देऊ नका. सभेला बसायचं वय आज आपलं आहे.

ज्यांना दूरचं काही सुचत नाही त्यांना पट्टकादंब द्या. हे हंस लडाखच्या त्सो मोरीरी, त्सो कारच्या काठी, तिबेटात आणि मंगोलियात अंडी घालतात. हिमालय ओलांडताना ते सात हजार मीटरच्या वर गेल्याच्या नोंदी आहेत. हिवाळ्यात आपल्याकडे उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला त्यांचे थवे उतरतात. तुमच्या शेजारच्या नांदूर मधमेश्वरला चक्रवाक येतात, तेही त्याच उंच तळ्यांचे रहिवासी. थंड प्रदेशातल्या या पक्ष्यांचं निम्मं वर्ष आपल्या ताब्यात असतं. तिकडच्या बर्फाचं आपण निफाडमध्ये बसून फारसं काही करू शकत नाही, पण इथे त्यांना उथळ चिखलाचा काठ मिळतो का, पाणवेलीने पाणी झाकून टाकलंय का, फोटोसाठी होडी अंगावर घातली जाते का, किनाऱ्यावर नायलॉनची जाळी पडून राहतात का, हे सगळं तालुक्यात सुटणारं आहे. २०२०मध्ये नांदूर मधमेश्वरला राज्यातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून मान मिळाला, तो याच पाहुण्यांमुळे.

सहल काढणार असाल तर जानेवारीत काढा. मार्चपर्यंत बरेच पक्षी परतीला लागतात. चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत. पहाटे पोचा, मुलांना भडक कपडे नकोत. त्या मुलीच्या हाती दुर्बीण आणि नोंदवही द्या, आणि थव्यातले पक्षी मोजायचं काम तिच्याकडे सोपवा. मोजणी दरवर्षी त्याच आठवड्यात, त्याच मनोऱ्यावरून करा. एका वर्षाच्या आकड्यावरून काही कळत नाही, पण पाच-सात वर्षांच्या नोंदी शाळेकडे साठल्या की वनखात्याशी बोलताना तुमच्या हातात काहीतरी असेल.